भाऊ शारजात ड्रग्जच्या केसमध्ये अडकलाय, पण तो निर्दोष आहे. घरच्यांनी इथून काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. २४ वर्षांचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच नोकरीसाठी शारजाला निघाला, गावातल्या ओळखीच्या माणसाने 'तिकडे मित्राला दे' म्हणून लोणच्याचा डबा दिला, विमानतळावर त्यात गांजा निघाला आणि आता तो आत आहे. तुम्ही विचारलंय की तो निर्दोष आहे तर आपला दूतावास त्याला सोडवेल ना, आणि आम्ही इथे बसून काय करू शकतो.

मी २२ वर्षं शारजा-दुबईत एका कंपनीचा पीआरओ होतो. तिकडे या कामाला मंदूब म्हणतात. व्हिसा, लेबर, पोलीस, कोर्ट, जिथे कंपनीच्या माणसाचा कागद अडेल तिथे जाऊन उभं राहायचं. मी वकील नाही. पण अरबी कागद वाचता येतो, आणि अशी पोरं जवळून पाहिली आहेत.

आधी दूतावासाचं सांगतो. दूतावास सोडवत नाही, सोडवू शकत नाही. शारजाची प्रकरणं दुबईच्या आपल्या वाणिज्य दूतावासाकडे येतात. त्यांचा माणूस भावाला जाऊन भेटेल, तब्येत पाहील, घरचा निरोप देईल, वकिलांची यादी देईल, दुभाष्या मिळतोय ना ते पाहील. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने हा हक्क दिलाय. कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमावर, म्हणजे हा हक्क लहान नाही. पण कोर्टात भावाची बाजू मांडणं, न्यायाधीशाला 'आमच्या मुलाला सोडा' सांगणं, हे त्यांच्या हातात नसतं. आपल्या कोर्टात कुठल्या परदेशी वकिलातीचं तरी चालतं का? तरीही आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आजच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. घरची परिस्थिती बेताची असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलासाठी मदत मिळू शकते, त्याचा अर्ज दूतावासातच करायचा. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे कायद्याचा सल्लाही मिळतो.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते. तुमच्या भावाच्या निर्दोषपणाचा पुरावा शारजात नाहीये. तो तुमच्या गावात आहे. तिकडच्या पोलिसांच्या हातात एक बॅग आहे, तिच्यावर तुमच्या भावाच्या नावाचा टॅग आहे, आत माल आहे. त्यांच्यापुरती गोष्ट इथे पूर्ण होते. डबा कोणी दिला, काय सांगून दिला, कुठे दिला, तेव्हा घरात कोण होतं, हे सगळं इकडे घडलंय. ते इथून गोळा होऊन तिकडच्या फाइलला लागलं तरच न्यायाधीशाला दिसणार. आणि ते रोज थोडं थोडं नाहीसं होत असतं.

दोन प्रकरणं सांगतो, दोन्ही मुंबईची, दोन्ही पेपरात गाजलेली. पहिलं कतारचं. जुलै २०१९ मध्ये एक तरुण जोडपं दोह्याला फिरायला गेलं. सहल नवऱ्याच्या आत्याने भेट दिली होती, आणि तिनेच एक पाकीट दिलं होतं, आत जर्दा आहे म्हणून. दोह्याच्या हमद विमानतळावर बॅगेत ४.१ किलो चरस निघाला. बायको गरोदर होती, मुलीचा जन्म तुरुंगातच झाला. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. इथे घरच्यांनी हातपाय गाळले नाहीत. आत्याशी झालेलं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड झालेलं सापडलं, ते घेऊन ते अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, एनसीबीकडे, गेले. एनसीबीने इथे तपास केला, आत्याला आणि तिच्या साथीदाराला पकडलं, आणि तो सगळा तपास सरकारी मार्गाने कतारला पोचला. तिथल्या सर्वोच्च कोर्टाने खटला पुन्हा ऐकायला लावला, मार्च २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटली आणि एप्रिलमध्ये लेकीला घेऊन मुंबईत उतरली.

दुसरं तुमच्या भावासारखंच, शारजाचं. एप्रिल २०२३. मुंबईच्या एका अभिनेत्रीला वेब सिरीजच्या ऑडिशनचं निमित्त सांगून शारजाला पाठवलं आणि सोबत न्यायला एक ट्रॉफी दिली. ट्रॉफीच्या आत अमली पदार्थ. देणाऱ्याचा तिच्या आईशी जुना राग होता, कारण कुत्र्यावरून झालेलं भांडण. आई आणि भाऊ मुंबई पोलिसांकडे गेले, क्राइम ब्रँचने त्या महिन्यातच आरोपींना अटक केली, आणि ती तीन-साडेतीन आठवड्यांत तुरुंगाबाहेर आली. पासपोर्ट हातात पडून घरी यायला मात्र ऑगस्ट उजाडला. दोन्ही ठिकाणी कुलूप तिकडे होतं आणि किल्ली इकडच्या पोलीस तपासात सापडली.

आता तिसरं, जे पेपरात आलं नाही. आमच्याच कंपनीतला दापोलीकडचा मुलगा, सुट्टीवरून परत येताना पकडला गेला. कोणीतरी दिलेली पुडी, तुमच्यासारखीच गोष्ट. त्याचा पहिला जबाब मी नंतर वाचला. दुभाष्या हिंदी-उर्दूत विचारत होता. 'ये बॅग तुम्हारा है?' हा म्हणाला, हां. 'अंदर का सामान तुम्हारा है?' हा पुन्हा म्हणाला, हां. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं ना. बॅग त्याची, त्यात आईने भरलेले कपडे, कुळथाचं पीठ, त्यातच ती पुडी. अरबीत कागदावर एकच ओळ उतरली: आरोपीने बॅग आणि तिच्यातील सर्व वस्तू आपल्या असल्याचं कबूल केलं. खाली त्याची सही, मराठीत, शाळेतल्यासारखी सरळ रेषेत. ती ओळ पुढे प्रत्येक कोर्टात त्याच्याआधी जाऊन पोचली.

आणि इकडे घरी काय झालं? मुलाला पकडल्याचं कळल्यावर वडील घाबरले. आपलंही नाव येईल या भीतीने पुडी देणाऱ्याशी झालेले सगळे व्हॉट्सॲपचे निरोप त्यांनी पुसून टाकले. ज्या निरोपात तो माणूस लिहितो की 'फक्त औषध आहे रे, काका, काळजी नको', तोच गेला. त्या माणसाने गाव सोडलं. मी फोनवर वडिलांना विचारलं तेव्हा ते रडत एवढंच म्हणाले, 'मला वाटलं पोराला वाचवतोय.' मुलगा शिक्षा भोगून, काही माफी मिळून, सात वर्षांनी घरी आला. म्हणून हात जोडून सांगतो, घरातल्या कोणाच्याही फोनमधलं काहीही पुसू नका. फोन बदलू नका, सिम बंद करू नका, व्हॉट्सॲप पुन्हा इन्स्टॉल करू नका.

मग करायचं काय? डबा देणाऱ्याविरुद्ध तुमच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ठाणेदार 'गुन्हा तिकडे घडलाय, आमचा काय संबंध' म्हणतील, बहुतेक म्हणतातच. माल इथून पाठवला गेला, फसवणूक इथे झाली, हे शांतपणे सांगा. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोच ठेवा, आणि एक प्रत एनसीबीच्या मुंबई कार्यालयाला. त्या माणसाला स्वतः गाठायला, दम द्यायला जाऊ नका. तुम्ही गेलात की तो सावध होतो आणि फोन फेकून देतो.

डबा कुठे दिला ते आठवा. एसटी स्टँडवर, दुकानासमोर, सोसायटीच्या गेटवर? तिथे कॅमेरा असेल तर आजच जाऊन दुकानदाराला विनंती करा. ही रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, नव्याचं जुन्यावर चढतं. मिळालं तर पेन ड्राइव्हवर घ्या आणि ज्याच्या यंत्रातून घेतलं त्याच्याकडून, हे त्याच यंत्रातलं रेकॉर्डिंग आहे असं प्रमाणपत्रही घ्या. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असायचं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. वकील तयार करून देतात. तिकीट कोणाच्या पैशाने निघालं, त्या माणसाचे भावाच्या खात्यावर पैसे आले का, आदल्या रात्री बॅग कोणी भरली, हेसुद्धा आताच कागदावर लिहून काढा. महिन्याभराने प्रत्येकाला वेगळं आठवतं.

इथले कागद तिकडे तसेच चालत नाहीत. मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालयातून, मग अमिरातीच्या वकिलातीतून शिक्के, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. त्यानंतर मान्यताप्राप्त अनुवादकाकडून अरबी भाषांतर. कोर्टाचं सगळं कामकाज अरबीत चालतं. यात आठवडे जातात, म्हणून तक्रारीची प्रत हातात पडताच ही साखळी सुरू करा.

वकील तिकडचाच हवा, कोर्टात उभं राहण्याचा परवाना असलेला. फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणाऱ्या गुन्ह्यात आरोपीने वकील दिला नसेल तर सरकार देतं, पण तुमच्या गावातली गोष्ट त्या वकिलाला कोण सांगणार? निदान एकदा सविस्तर बोलेल असा माणूस शोधा. फी किती, कशासाठी, अपिलाचे वेगळे पैसे का, हे लेखी घ्या. आणि एक सावधगिरी. अशी बातमी पसरली की फोन येतात, 'मी दूतावासातून बोलतोय, दोन लाख पाठवा, उद्या सुटेल.' एक पैसा पाठवू नका. ड्रग्जच्या केसमध्ये तिकडे वशिला चालत नाही, आणि चालतो म्हणणारा तुम्हाला लुटायला आलेला असतो.

कोणी तुम्हाला सांगेल की तिकडे कायदा आता सौम्य झालाय, पहिल्यांदा पकडलं तर सोडून देतात. २०२१ चा नवा कायदा आहे, २०२२ च्या जानेवारीपासून लागू. त्यातली ती सवलत गांजाचा अंश मिसळलेले खाण्यापिण्याचे पदार्थ पहिल्यांदा सोबत आणणाऱ्यासाठी आहे. डब्यात लपवलेल्या गांजासाठी नाही. त्यावर आशा बांधू नका.

'हा कसला कायदा, निर्दोषानेच निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं?' असं तुमच्या मनात येत असेल. माझ्याही यायचं. पण सिंगापूरला तर बॅगेत माल सापडला की तुला माहीत होतं असंच कायदा धरून चालतो, आणि ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजा किंवा १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन नेलं तर फाशीपर्यंत जातं. आणि आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा? त्याच्या ३५ व्या कलमातही आरोपीचा हेतू होता असंच गृहीत धरलंय, नव्हता हे त्याने दाखवायचं. गोव्यात कोलवाळच्या तुरुंगात ड्रग्जच्या खटल्यात बसलेल्या परदेशी माणसाच्या घरचेही कुठेतरी असाच प्रश्न विचारत असतील.

भावाचा फोन येईल तेव्हा वेळ फार थोडा मिळेल. आईलाही बोलू द्या, पण त्याआधी तुम्ही चार गोष्टी विचारून घ्या: कुठे ठेवलंय, केस नंबर काय, कागदावर सही केली का, पुढची तारीख कधी. डब्याचं, त्या माणसाचं काही फोनवर बोलू नका, ते वकिलासमोर. त्याला सांगा की समजत नसलेल्या कागदावर सही करायची नाही, 'मला माझ्या भाषेतला दुभाष्या हवा' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचं. निकाल विरोधात गेला तर अपिलाची मुदत दिवसांत मोजली जाते, तेव्हा रडण्यात ते दिवस घालवू नका. सगळं संपून शिक्षा कायम झालीच तर उरलेली शिक्षा भारतात भोगता येण्यासाठी दोन्ही देशांत २०११ चा करार आहे. पण तो नंतरचा विचार, आज नको.

आणखी एक, कारण तुमच्या घरातून अजून कोणी तिकडे निघेल. दिवाळीत अनारसे पाठवू नका. खसखस अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी असलेल्या मालात मोडते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन हा अफूतला पदार्थ असतो, ती औषधं आणि ट्रॅमाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्याही आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. माझ्या बायकोने एकदा आत्याच्या गुडघ्यासाठी या गोळ्यांची पाकिटं बॅगेत ठेवली होती, निघायच्या तासभर आधी माझ्या नजरेला पडली.

वकिलाने भावाच्या पहिल्या जबाबाची प्रत आणली की मला कळवा. त्यात लोणच्याच्या डब्याबद्दल अरबीत नेमका कोणता शब्द लिहिलाय, 'माझा' की 'माझ्याकडे दिलेला', ते मी वाचून सांगेन.