आशा शोधायला गेलं आणि भलतंच सापडलं

प्रश्न : ताई नमस्कार, मी हडपसरला राहते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला रिसर्च पेपर लिहायचाय आणि मी विषय घेतलाय 'गरोदर स्त्रियांचं आरोग्य आणि आशा वर्कर'. चार दिवस गुगलवर बसले, इतकं निघतंय की काय घ्यावं काय सोडावं कळत नाही. शेवटी चॅटजीपीटीकडून दहा रेफरन्स घेतले, मॅडमनी तपासले तर त्यातले सहा पेपर मुळात अस्तित्वातच नाहीत, वर्गात काय लाज वाटली विचारू नका. मैत्रीण म्हणते पुणे विद्यापीठाच्या लायब्ररीत जा. पण मी तिथली स्टुडंट नाही, आणि गेलेच तर तिथे विचारायचं काय? नाव छापू नका प्लीज.

उत्तर : अगं लाज वाटून घेऊ नकोस, चार तरी खरे निघाले! त्या मशीनला रेफरन्स 'कसा दिसतो' ते पक्कं माहीत असतं, लेखकाचं आडनाव, वर्ष, जर्नल, पान नंबर सगळं शिस्तीत, फक्त पेपर नसतो. यापुढे कोणीही रेफरन्स दिला, मशीननं दिला काय आणि सीनियरनं दिला काय, शीर्षक जसंच्या तसं पबमेडवर टाकायचं. ती वैद्यकीय पेपर शोधायची साइट आहे, फुकट आहे, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची आहे. तिथे नाही सापडला तर जर्नलच्या साइटवर बघायचं, तिथेही नसेल तर सोड.

आता खरं दुखणं. तुझा विषय आहे, पण प्रश्न नाहीये. 'गरोदर स्त्रियांचं आरोग्य' घेऊन लायब्ररीत जाणं म्हणजे मंडईत जाऊन 'भाजी द्या' म्हणण्यासारखं आहे. वॉर्डात रोज काय ऐकतेस ते आठव. आशाताई लोहाच्या लाल गोळ्या घरी नेऊन देतात, निदान १८० दिवस रोज एक घ्यायची, आणि डबा तसाच कपाटावर. का, तर मळमळतं, शौचाला काळं होतं, शिवाय सासूबाई म्हणतात गोळ्यांनी बाळ मोठं होतं मग सिझर करावं लागतं. झाला ना प्रश्न : आशाताई घरी जाऊन बोलल्या की गोळ्या प्रत्यक्षात पोटात जातात का? हे एक वाक्य कागदावर लिही आणि मगच बस पकड.

विद्यापीठाच्या लायब्ररीचं नाव जयकर ग्रंथालय, आता त्याला जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्यावरून. नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे तू गणेशखिंडच्या विद्यापीठाची नाहीस हे खरंच, पण म्हणून लगेच घरी बसू नकोस. प्राचार्यांचं लेटरहेडवर पत्र घे, आयकार्ड घे, आणि बाहेरच्या वाचकाला काय नियम आहे, किती फी आहे हे आधी फोन करून विचार, म्हणजे विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवून हात हलवत परत यायला नको. आणि जायचं मुख्यतः कशासाठी तर तिथल्या कॉम्प्युटरसाठी, हो, पुस्तकांसाठी नाही. घरी पेपर उघडला की डॉलरमध्ये पैसे मागतात ना, त्यावर केंद्रानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' काढलंय, १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना खुली. खासगी कॉलेजं त्यात नाहीत. म्हणजे तुझ्या मोबाइलवर जे बंद दिसतं ते तिथल्या टेबलावर उघडायची चांगलीच शक्यता आहे.

पोचलीस की संदर्भ विभागात जा आणि ते लिहिलेलं वाक्य पुढे कर. मी एकतीस वर्षं लायब्ररीच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेय म्हणून सांगते, 'हेल्थवर काही आहे का' असं विचारणाऱ्याला आम्ही कपाट दाखवायचो, आणि नेमकं विचारणाऱ्यासाठी खुर्चीतून उठायचो. चुकीचं आहे, पण तसंच होतं.

आता सर्च. नुसतं इंग्रजीत 'आशा' टाकलंस तर आशा नावाच्या डझनभर डॉक्टरणी निघतील, त्यात अमेरिकेत बोलण्या-ऐकण्याच्या तज्ज्ञांची मोठी संघटना आहे तिचंही लघुनाम आशाच, म्हणजे तोतरं बोलणाऱ्या मुलांवरचे पेपर वाचत बसशील. एका मुलीनं माझ्यासमोर पाऊण तास तेच केलं, मग मला विचारायला आली. पूर्ण नाव टाकायचं, 'अ‍ॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट', अवतरण चिन्हांत. पबमेडवर बहुतेक पेपरांना ठरलेले विषय-शब्द लावलेले असतात, त्याला मेश म्हणतात. तुझ्या आशाताई तिथे 'कम्युनिटी हेल्थ वर्कर्स', आणि गोळ्या नेमानं घेणं म्हणजे 'मेडिकेशन अ‍ॅडहिअरन्स'. एकाच अर्थाचे शब्द 'ऑर'नं जोडायचे, वेगवेगळ्या कल्पना 'अँड'नं. आणि लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये अ‍ॅनिमियाचं स्पेलिंग ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही टाकून बघ, कारण कॅटलॉग पबमेडइतका हुशार नसतो, त्यातलं एक 'ए' कमी झालं की अर्धी पुस्तकं गायब. एक चांगला रिव्ह्यू पेपर, म्हणजे आधीच्या पेपरांचा आढावा घेणारा, हाती लागला की त्याच्या शेवटची यादी धरून मागे जायचं, चार दिवसांचं गुगल एका दुपारी होतं.

आकडा उचलताना मात्र 'मेथड्स', म्हणजे अभ्यास कसा केला तो भाग, वाच गं बाई. NFHS म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, तिची पाचवी फेरी २०१९-२१ ची. देशात ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना अ‍ॅनिमिया असं त्यात आहे, सगळे हाच आकडा डकवतात. पण ते रक्त बोटाला टोचून घेतलेलं. शिरेतून घेतलेल्या रक्तावर केलेल्या पाहणीशी त्याची थेट तुलना करायची नाही, आकडे जुळत नाहीत. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ वरून १०.५ केली, म्हणजे पाचव्या महिन्यातली १०.७ वाली बाई जुन्या पेपरात अ‍ॅनिमिक आणि नव्यात नाही. मॅडमना हे एवढं दाखवलंस तरी त्या सहा रेफरन्सचं विसरतील.

एक माझा गाढवपणा सांगते. शिकत असताना एका लायब्ररीत जाड बाइंड केलेल्या खंडातून अकरा पानांचं झेरॉक्स काढलं, घरी येऊन बघते तर एकाही पानावर जर्नलचं नाव नाही, फक्त पान नंबर. परत गेले तर तो खंड बाइंडिंगला गेलेला, दोन महिने! तेव्हापासून झेरॉक्सच्या आधी कोपऱ्यात पेन्सिलनं खंड, अंक, वर्ष लिहिते. तू झोटेरो नावाचं रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून घे, फुकट आहे, ते हे सगळं आपोआप जपतं, तरी एकदा डोळ्यांनी तपास.

जुने जनगणनेचे खंड, सरकारी अहवाल लागले तर गोखले इन्स्टिट्यूटमधलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. तुला बहुतेक लागणार नाही.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, कोथरूड. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी डायबेटिसवर लेख लिहायचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं कारलं-मेथी नको, खरं काहीतरी हवं. मला विद्यापीठात कोण शिरू देणार?

उत्तर : काका, विद्यापीठापर्यंत जायचीही गरज नाही. पबमेड सेंट्रल म्हणून आहे, तिथे पूर्ण पेपर फुकट वाचता येतात, आणि पीएच.डी.चे प्रबंध हवे असतील तर शोधगंगा. आणि लांबचं कशाला, डायबेटिसवरचं जगभर गाजलेलं काम आपल्याच पुण्यातलं आहे. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं दिसायला बारीक, हातापायांवर मांस कमी, पण त्या मानानं चरबी मात्र टिकून. या शरीराला ते 'थिन-फॅट' म्हणतात, बारीक माणसालाही डायबेटिस का होतो ते यातून कळतं, आणि 'माझं पोट नाही, मला कशी शुगर' असं कट्ट्यावर म्हणणाऱ्यांना हे वाचायला द्याच. याज्ञिक आणि पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी एवढं टाकलंत की निघेल. इंग्रजी जड वाटलं तर आधी फक्त सुरुवातीचा सारांश आणि शेवटची चर्चा वाचा, मधले तक्ते नातवाकडून समजून घ्या.