विषाणू वाढला, मग गोळी कमी का केली?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मूत्रपिंड प्रत्यारोपणाला पाच महिने झाले होते. पतीला ताप नव्हता, दुखणं नव्हतं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही स्थिर होतं. पण विषाणूचं प्रमाण मोजणाऱ्या रक्ताच्या पीसीआर तपासणीत बीके विषाणूच्या मिलिलिटरला १४,००० प्रती आढळल्या. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ १००० मिलिग्रॅमवरून ५०० वर आणलं. पत्नीचा प्रश्न होता, "मॅडम, एकही गोळी चुकवू नका असं बजावलं होतं, आणि आता निम्मी? किडनी रिजेक्ट झाली तर?" बोलता बोलता कळलं, की रात्री त्या जुनाच डोस देत होत्या.

ही भीती अगदी रास्त आहे. तिला उत्तर द्यायचं तर आधी विषाणू समजावून सांगावा लागतो. बीके बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो आणि मूत्रपिंडात निपचित पडून राहतो. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं मूत्रपिंड नाकारणं, रोखणाऱ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली की तो डोकं वर काढतो आणि नव्या मूत्रपिंडाच्या पेशींचंच नुकसान करतो. त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूसाठी दिली जाणारी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर इथे चालत नाही, भरपूर पाणी पिऊनही तो धुऊन जात नाही. शरीराला स्वतः लढू देणं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मोजून कमी करणं, हाच उपचार. रात्रीच्या त्या जादा गोळीने नेमकी हीच संधी हिरावली जात होती.

रिजेक्शनचा धोका यात असतोच, तो लपवू नये. म्हणून या काळात क्रिएटिनिन दर एक-दोन आठवड्यांनी आणि पीसीआर दोन ते चार आठवड्यांनी पाहतात. पीसीआर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. १४,००० चे १०,००० झाले तर तो फरक मानू नये; साधारण तिपटीने बदल झाला तरच त्याला अर्थ. आकडा शून्यावर यायला अनेक महिने लागू शकतात.

टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी तपासताना एक चूक फार जण करतात. रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी घेऊन गेलं तर पातळी खोटी जास्त दिसते आणि डोस विनाकारण घटतो. बीकेमुळे आधीच औषध कमी असताना हे महागात पडतं.

त्या दोघांना सांगितलं, की रात्रीच्या जादा गोळीची गोष्ट आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. नाहीतर पुढचा अहवाल वाईट आला की औषध आणखी कमी होईल, आणि तेही चुकीच्या समजुतीवर. जुनी डोसची चिठ्ठी फाडा, नवी तारीख घालून डब्यावर चिकटवा. लघवी कमी झाली, दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढलं, ताप आला किंवा मूत्रपिंडाच्या जागी दुखलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. पतीचं ताट-पांघरूण वेगळं करायची मात्र गरज नाही; हा विषाणू घरातल्या बहुतेकांच्या अंगात आधीपासूनच असतो.

निघताना पतीने विचारलं, "विषाणू गेला की जुना डोस परत सुरू?" आपोआप नाही. डोस वाढवला की बीके परतू शकतो, म्हणून तो निर्णय डॉक्टर त्या वेळचे अहवाल आणि रिजेक्शनचा धोका पाहून घेतात, आणि वाढवलाच तर पीसीआर पुन्हा ठरावीक अंतराने करत राहावी लागते.