गेमक्यूबच्या मागे एकच व्हिडिओ पोर्ट का? मित्राच्या गेमक्यूबला तर दोन आहेत!

तुमचं मशीन बिघडलेलं नाही, नंतरचं आहे. २००१ मध्ये आलेल्या गेमक्यूब या निन्टेन्डोच्या गेम कन्सोलला (मॉडेल डीओएल-००१) मागे ॲनालॉग आणि डिजिटल असे दोन एव्ही (चित्र-आवाजाचे) पोर्ट होते. २००४ च्या सुमारास आलेल्या डीओएल-१०१ मधून निन्टेन्डोने डिजिटल पोर्ट काढून टाकला. कारण साधं: तो वापरणारे फारच थोडे होते आणि एक पोर्ट कमी म्हणजे खर्चही कमी.

गंमत त्या पोर्टच्या कम्पोनंट केबलची (चित्राचा सिग्नल तीन वेगळ्या तारांतून टीव्हीपर्यंत नेणारी केबल). डिजिटल सिग्नल ॲनालॉगमध्ये बदलणारी चिप कन्सोलमध्ये नाही, तर केबलच्या प्लगमध्येच बसवलेली होती. म्हणून स्वस्त नक्कल करणं सोपं नव्हतं. आज मूळ केबलचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात. ४८०पी चित्र (४८० ओळी एकदम दाखवणारं, जास्त स्पष्ट) मात्र याच पोर्टमधून मिळायचं. ॲनालॉगमधून ४८०आय वरच (एकाआड एक ओळी आळीपाळीने दाखवणारं चित्र) भागवावं लागतं.

आता ती केबल शोधत बसू नका. डिजिटल पोर्टमध्ये थेट बसणारे एचडीएमआय ॲडॉप्टर मिळतात, पण ते तुमच्या मशीनला चालणार नाहीत. जुनं मशीन घेणार असाल तर विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा, नुसत्या मॉडेल नंबरवर जाऊ नका.

त्यापेक्षा माझं मत विचाराल तर निन्टेन्डोचा गेमक्यूबनंतरचा कन्सोल वी (Wii), तोही सुरुवातीचा (मॉडेल आरव्हीएल-००१) घ्या. गेमक्यूबच्या डिस्क त्यात चालतात आणि कम्पोनंट केबलने ४८०पी मिळतं. फक्त वी मिनी घेऊ नका. त्यात गेमक्यूबचे गेम चालत नाहीत आणि व्हिडिओही कम्पोझिटच (सगळं चित्र एकाच तारेतून, कमी स्पष्ट)!