तुमचे दोन प्रश्न: पर्णकृमीमुळे यकृत खराब होतं ते ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे का? अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी ते थांबेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी हो. दुसऱ्याचं नाही.

मी गुरांचा डॉक्टर. शवविच्छेदनात पर्णकृमीने, म्हणजे लिव्हर फ्लूकने, पोखरलेली यकृतं बरीच पाहिली आहेत. रोग मुरलेल्या गाईच्या यकृतात पित्तनलिकांवर चुन्याचे थर बसलेले असतात, सुरी फिरवली की करकर वाजते. आत पानासारखा चपटा, अडीच-तीन सेंटिमीटरचा कृमी. पाहणाऱ्याला वाटतं, हा सगळा उद्योग त्या एकट्याचाच.

थोडा त्याचा आहेच. पाणवनस्पतींवरून पोटात गेलेलं फॅसिओलाचं (गुरांतल्या या पर्णकृमीचं शास्त्रीय नाव) पिल्लू आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरतं, तिथून यकृताचं आवरण फोडून आत शिरतं आणि पुढचे सहा-आठ आठवडे बोगदे काढत, पेशी खात हिंडतं. मग पित्तनलिकेत मुक्काम ठोकतं. बोगद्यांत रक्त सांडतं, पेशी मरतात.

खरा वणवा मात्र आपल्याच पेशी लावतात. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, मॅक्रोफेज या बचावपेशी धावून येतात. जिवाणू असता तर त्यांनी गिळून पचवला असता. हे धूड गिळणार कसं? म्हणून बाहेरूनच मारा सुरू होतो: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड. त्यात सांडलेल्या रक्तातलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, आणि ते समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतं. पेशीच्या आवरणातली मेदाम्लं त्याच्या तडाख्यात सापडतात. तेल खवट होतं ना, रसायन अगदी तेच. प्रयोगशाळेत या नुकसानीची खूण म्हणून मॅलोनडायअल्डिहाइड मोजतात, आणि खवटपणाच्या चाचणीतही तेच मोजतात. (माझ्या मते ही चाचणी जरा ढोबळच आहे, पण स्वस्त असल्यामुळे शोधनिबंधांत सगळीकडे दिसते.) यकृताकडे ग्लुटाथायोन या अँटिऑक्सिडंटचा साठा असतो, तोच ही आग विझवत असतो. खर्च जमेपेक्षा वाढून हा साठा आटत गेला की त्या अवस्थेला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

गंमत अशी की ज्याच्यासाठी एवढा दारूगोळा खर्च होतो तो कृमी बहुतेक वेळा सुखरूप असतो. त्याच्याकडे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) नाही, पण सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आहे, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज आहे आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन आहे. हे शेवटचं विकर तो अंगाबाहेरही सोडतो आणि आपल्या मॅक्रोफेजना मारामारी सोडून डागडुजीच्या कामाला लावतो. डागडुजी म्हणजे कोलॅजन, व्रणातले चिवट तंतू. तिकडे रॅडिकल्सच्या माऱ्याने यकृतातल्या स्टेलेट पेशीही जाग्या होतात आणि तंतू विणू लागतात. कडक, वळलेलं यकृत तयार होतं ते असं.

हा मारा अगदीच फुकट जातो असंही नाही. इंडोनेशियातल्या बारीक शेपटीच्या मेंढ्यांच्या बचावपेशी सुपरऑक्साइडच्या जोरावर फॅसिओला जायगँटिकाची पिल्लं मारू शकतात. त्याच मेंढ्या भाऊबंद असलेल्या फॅसिओला हिपॅटिकापुढे मात्र हतबल ठरतात, कारण त्याचा बचाव जास्त पक्का आहे. मला हे उदाहरण फार आवडतं. शस्त्र तेच, शत्रूचं चिलखत वेगळं.

कच्च्या माशांतून येणारे ऑपिस्थॉर्किस आणि क्लोनॉर्किस हे दुसरे पर्णकृमी यकृताच्या मांसात बोगदे काढत नाहीत, थेट पित्तनलिकेत जातात. तिथे वर्षानुवर्षं चालणाऱ्या दाहात डीएनएवरही घाव पडतात. थायलंडच्या ईशान्य भागात पित्तनलिकेचा कर्करोग इतका का आढळतो याचं हे एक मोठं कारण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनीला 1994 मध्येच निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं.

आता तुमच्या गोळ्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अँटिऑक्सिडंट दिल्यावर मॅलोनडायअल्डिहाइड कमी झालेलं दिसतं, हे खरं. पण कृमी जागेवर असेल तर तुम्ही एका हाताने पाणी ओतताय आणि दुसरीकडे कुणीतरी सरपण घालतंय. कृमी मारणारं औषध हवंच. फॅसिओलासाठी ट्रायक्लाबेंडाझोल, माशांतून येणाऱ्यांसाठी प्राझिक्वांटेल. यांची अदलाबदल चालत नाही. प्राझिक्वांटेल फॅसिओलावर काम करत नाही. औषधानंतरही थोडा काळ आग भडकते: ऑपिस्थॉर्किस झालेल्या हॅमस्टरना प्राझिक्वांटेल दिल्यावर मेलेल्या कृमींतून प्रथिनं सांडली आणि ऑक्सिडेटिव्ह नुकसान काही काळ वाढलं. अँटिऑक्सिडंटला जोडऔषध म्हणून काही जागा असेलच तर मला ती इथे दिसते.

तुम्ही लिहिलंय की रक्तात इओसिनोफिल वाढलेत, पण शौच तपासणीत अंडी सापडली नाहीत, म्हणून कृमी नसावा. असं धरून चालू नका. माणसात फॅसिओलाची अंडी दिसायला तीन-चार महिने लागतात, आणि बोगद्यांचा काळ नेमका त्याआधीचा. डॉक्टरांना रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचणीबद्दल विचारा, आणि पाणवनस्पती किंवा कच्चा मासा कधी खाण्यात आला होता तेही न विसरता सांगा.