व्हिडिओ बघताना सगळं कळतं, मग पेपरात काय होतं?

"मॅडम, अभ्यास करत नाही असं नाही हो. दिवसभर व्हिडिओच बघत असते. पण मार्क बघा!"

ज्युनियर कॉलेजांच्या पहिल्या चाचणीचे मार्क हातात पडले, की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य ऐकू यायला लागतं. बोलणारी आई घोडबंदर रोडच्या टॉवरमधली असो नाहीतर कळव्याच्या दोन खोल्यांतली, वाक्य तेच. मुलांचीही बाजू ठरलेली असते. "बघताना सगळं कळलं होतं. पेपर हातात आला आणि डोकं ब्लँक." आईबाबांना वाटतं मी मोबाईल काढून घ्यायला सांगावं. मुलांना वाटतं स्मरणशक्तीची काहीतरी युक्ती द्यावी. मी सहसा दोन्हींपैकी काहीच देत नाही, त्यामुळे पहिल्या भेटीनंतर दोन्ही पक्ष थोडे नाराजच जातात.

सानिकाची गोष्ट सांगितली की बाकीच्यांचीही सांगून होते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तिची आणि आईची परवानगी आहे.) बारावी सायन्स, दहावी मराठी शाळेतून, तेव्हा नव्वदच्या वर टक्के. वडील वागळे इस्टेटमध्ये शिफ्टला, आई घरून शिवणकाम करणारी. चाचणीत फिजिक्समध्ये जेमतेम पास. घरात रोजची वादावादी: आई म्हणणार "मोबाईल ठेव", ही म्हणणार "अगं आई, लेक्चरच बघतेय!" आणि गंमत म्हणजे ती खरंच लेक्चर बघत होती.

मी तिला एक वही करायला सांगितली. दिवसभरात जे जे पाहिलं ते लिहायचं, अभ्यासाचं असो की नसो, आणि त्यातून काय मिळालं तेही. पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. त्यातल्या काही ओळी मला अजून आठवतात.

"सर्फेस टेन्शन. दीड तासाचं लेक्चर टू-एक्सवर पाऊण तासात संपवलं. सर भारी शिकवतात. सगळं क्लिअर."

"रील. टॉपर म्हणतो रोज चौदा तास अभ्यास. मी आयुष्यात काय करतेय?"

"कॉलेजात सर फळ्यावर लिहितात, आम्ही उतरवतो. यूट्यूबवरचे सर जोक मारतात, समजावतात. मग लोकलला लटकून कॉलेजला जायचं कशाला?"

"रात्री आजीबरोबर सिरीयल. सासू खोटं बोलतेय हे मला आधीच कळलं होतं."

तिसऱ्या नोंदीतला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर कॉलेजांनी द्यायला हवं, मी नव्हे. मला पहिली आणि शेवटची नोंद शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटली.

"सर्फेस टेन्शन क्लिअर आहे ना? मग मला सांग. मला फिजिक्स येत नाही असं समज." (समजायला फार कष्ट नव्हते.)

तिने सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला अडली. "मॅम, मला येतंय, फक्त सांगता येत नाहीये."

"बरं, राहू दे. सिरीयलमध्ये काल काय झालं?"

आणि मग जी गाडी सुटली! कोणी कागद लपवले, ते कोणाला दिसले, तीन महिन्यांपूर्वी लग्नात नणंद काय बोलली होती आणि त्याचा आत्ता कसा संबंध लागतो. एकदाही "फक्त सांगता येत नाहीये" नाही.

"हे सगळं पाठ केलंस?"

"पाठ कशाला? आजीला सांगावं लागतं ना. तिला गोळी घेतल्यावर झोप येते, अर्धा एपिसोड ती डुलक्याच काढते. सकाळी दूध तापवताना विचारते, काल काय झालं गं?"

मी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत या विषयावर मी बरंच वाचलं, पालकांच्या सभांमध्ये बोलले, पण इतकी चोख मांडणी माझ्यासमोर कोणी केली नव्हती. या मुलीला शिकता येत होतं. रोज रात्री ती पाहत होती, झोपत होती आणि सकाळी कुठेही न बघता डोक्यातून काढून दुसऱ्याला सांगत होती. फक्त हे ती सासूच्या कारस्थानांसाठी करत होती, फिजिक्ससाठी नाही.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कोणाला होती? वाचणाऱ्यांना! सानिकाचं "सगळं क्लिअर" हे त्या पाच मिनिटांनंतरचं क्लिअर होतं.

इथवर आलं की बरेच जण तंत्र सांगून थांबतात: बघू नका, आठवा. मुलं मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा व्हिडिओ लावतात. का लावतात, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली ती. त्यामुळे माझा हात सवयीनेच घटना आणि भावना यांच्या मधल्या विचाराकडे जातो.

"मगाशी अडलीस, तेव्हा मनात काय आलं?"

"की मला काहीच येत नाही. मी ढ आहे."

"घरी असं झालं तर काय करतेस?"

"तोच व्हिडिओ परत लावते."

"मग?"

ती जरा थांबली. "मग बरं वाटतं."

सगळा गुंता या तीन शब्दांत होता. व्हिडिओ तिच्यासाठी अभ्यास राहिला नव्हता, डोकेदुखीची गोळी झाला होता. अडलं की भीती, भीती वाटली की व्हिडिओ, व्हिडिओ लावला की सरांच्या तोंडून सगळं भराभर उलगडतं आणि वाटतं, हां, येतंय की मला. २०१८ मध्ये कार्डास आणि ओब्रायन या दोघांनी लोकांना मूनवॉकचा छोटासा व्हिडिओ दाखवला होता, काहींना एकदा, काहींना २० वेळा. वीसदा पाहिलेल्यांना आपल्याला ते जास्त चांगलं जमेल असं वाटलं. प्रत्यक्ष नाचायला लावलं तेव्हा ते इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. हा प्रयोग मी मुलांना सांगते तेव्हा ती खूप हसतात, आणि मग गप्प होतात.

मी सानिकाला विचारलं, "आजीला सिरीयल सांगताना मधलं काही आठवलं नाही तर?"

"तर म्हणते, थांब आजी, आठवते. मग येतं कधीतरी भाजी निवडताना."

"तेव्हा स्वतःला ढ म्हणतेस?"

"सिरीयलसाठी कशाला म्हणू?" आणि ती हसली. हसता हसताच तिच्या लक्षात आलं असावं, कारण पुढचं वाक्य तिचं होतं. "म्हणजे फिजिक्समध्ये अडलं की मी लगेच निकाल लावते."

ते मी तिला सांगितलं असतं तर तिने वहीत उतरवून घेतलं असतं. ती स्वतः म्हणाली, म्हणून उपयोग झाला. अडणं त्रासाचं आहे, पण न सोसण्याइतकं नाही, आणि अडलं त्या क्षणीच डोकं काम करत असतं, हे मग आम्ही पुढच्या भेटींमध्ये घोटत राहिलो.

काम एकच दिलं. सकाळी दुधापाशी आधी सिरीयल, मग काल पाहिलेल्या धड्यातलं काहीही एक. इंग्रजी वाक्यं चालणार नाहीत, कारण आजीला चालत नाहीत.

पुढच्या वेळी आली ती तणतणतच. "आजीने वाट लावली, मॅम! मी तिला कॅपिलरी सांगितलं, बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं म्हणून. ती म्हणाली, हां, समईच्या वातीत तेल चढतं तसं. म्हटलं बरोब्बर! तर म्हणते, मग न पेटवलेल्या वातीच्या टोकावरून तेल बाहेर का सांडत नाही?"

"मग?"

"मग काय, दोन दिवस डोकं खाल्लं माझं. व्हिडिओत नव्हतं. शेवटी पुस्तकात सापडलं. नळी कमी लांबीची असेल तर द्रव टोकाला जाऊन थांबतो, त्याच्या पृष्ठभागाचा बाक कमी होतो, त्यामुळे वर ओढणारा जोरही तेवढाच कमी होतो. तो पॅरा मी आधी सोडून दिला होता."

दोन दिवस न येणारा प्रश्न घेऊन ही मुलगी वावरली आणि एकदाही "मी ढ" म्हणाली नाही. माझ्या दृष्टीने समुपदेशन तिथे फळाला आलं. मार्क नंतर आले. फिजिक्सचे चांगले वाढले, केमिस्ट्रीचे तितके नाही, कारण आजीला ऑरगॅनिकमध्ये अजिबात रस नव्हता.

मधल्या काळात आईनेही उत्साहाने हेच करून पाहिलं. लेक्चर संपलं की दारात उभी: "काय शिकलीस? सांग बघू." दोन दिवसांत भांडण. आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली, सासूबाई तेच करतात तर चालतं, मी केलं तर का नाही? मी म्हटलं, "ताई, आजींना उत्तर माहीत नसतं आणि त्यांना ते खरंच हवं असतं. तुम्ही तपासायला उभ्या असता." त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मलासुद्धा ते वातीचं माहीत नव्हतं हो."

तेव्हा आईबाबांनो, मोबाईल हिसकावण्याआधी इतकं करून बघा. "किती वेळ बघितलंस" याऐवजी "काय होतं त्यात" असं विचारा, आणि उत्तरात चूक निघाली तर लगेच पकडू नका. आवडीच्या मालिकेबद्दलही विचारा. ज्या मुलाला तिथे पात्रांचे हेतू उलगडता येतात, त्याच्या डोक्यात काही कमी नाही. घरात आजी नसेल तर धाकटं भावंड चालेल, तेही नसेल तर कोरा कागद. व्हिडिओ बंद करून, वही मिटून, आठवेल तेवढं लिहायचं आणि मग बघायचं काय राहिलं. टू-एक्सला माझा विरोध नाही, फक्त वाचलेला वेळ या कागदासाठी ठेवा. पहिले काही दिवस कागद बराचसा कोराच राहील आणि मूल वैतागेल. तेव्हा त्याच्या बाजूला बसून राहा, उत्तर पुरवू नका.

एक मात्र वेगळं काढते. पेपरच्या विचारानेच झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, "मी नसलेलंच बरं" असं काही बोलणं कानावर आलं असेल, तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी कोऱ्या कागदाची वाट बघू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.