टाइल्सवर तरंगती लाकडी फरशी: सुताराला फेव्हिकॉल काढू देऊ नका

पुण्यातला फ्लॅट, दोन बेडरूम, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. त्या न उखडता वर खऱ्या लाकडाची फरशी बसेल का, आणि मे महिन्यात काम काढलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. पहिल्याचं उत्तर, बसेल. दुसऱ्याचं, जमत असेल तर दिवाळीनंतर काढा.

तरंगती म्हणजे खाली न चिकटवता, न ठोकता नुसती टेकवलेली फरशी. अख्ख्या सागाच्या फळ्या अशा तरंगत्या बसवायच्या भानगडीत पडू नका. तुम्हाला हवं ते इंजिनिअर्ड वुड: खाली प्लायसारखे उभे-आडवे थर, वर 3-4 मिमी खरा ओक किंवा साग, कडांना क्लिकच्या खाचा, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकतात. दुकानात लॅमिनेटलाही (वर लाकडाचं नुसतं छापील चित्र असतं) सर्रास 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात, म्हणून फळी हातात घेऊन कड बघा. वर लाकडाचा थर वेगळा दिसलाच पाहिजे.

ऑर्डर देण्याआधी दार बघा. फळी 14-15 मिमी आणि तिच्याखालचा फोम 2-3 मिमी, म्हणजे जमीन दीड-पावणेदोन सेंटीमीटर वर येणार. दाराखाली सहसा तेवढी फट नसते. दार उतरवून खालून कापावं लागतं. बाल्कनीच्या स्लायडिंगचंही बघून घ्या.

मग टाइल्स. ठोकून बघा, जी हलते ती आधी पक्की करून घ्या. 2 मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवा. पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर लेव्हलिंग कंपाउंड (जमीन सपाट करायला ओतायचं मिश्रण) लागेल. तिथे फोमचे दोन थर टाकून भागवू देऊ नका, फळी पायाखाली लवते आणि काही महिन्यांत क्लिक तुटतात. बाथरूमच्या भिंतीला पोपडे आले असतील तर आधी गळती काढा, लाकडाचं नंतर. टाइल्सवर 200 मायक्रॉनची प्लास्टिक शीट, जोडांवर टेप, त्यावर फोम. फळ्यांचे खोके त्याच खोलीत निदान 48 तास आडवे पडू द्या.

आता मुख्य गोष्ट. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. म्हणून चारी बाजूंनी 10-12 मिमी जागा सोडायची, चौकटीशी आणि पाइपाभोवतीसुद्धा. नेमकी हीच फट आपल्या सुतारांना बघवत नाही. 'साहेब, मजबूत करून देतो' म्हणत तो कडेला फेव्हिकॉल ओततो, दाराशी दोन स्क्रू मारतो. पुढे जुलैत खोलीच्या मधोमध फरशी फुगा धरते, पाय पडला की खाली बसते आणि पाय काढला की पुन्हा वर. ही फरशी कशालाच बांधलेली नको. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नाही. दारातल्या पट्टीचा स्क्रू दोन खोल्यांच्या फरश्यांमधल्या फटीतून खाली टाइलमध्ये जायला हवा. भिंतीतलं कपाट आधी, फरशी त्याच्यापर्यंत आणून थांबवायची. कपाटाचं ओझं वर ठेवलंत तर ती तिथे अडकलीच.

मे महिन्याचं यासाठीच म्हणालो. तेव्हा लाकूड कोरडं असतं, पुढे फुगायचंच असतं. फट कमी पडली की संपलं. ऑगस्टमध्ये बसवलंत तर उलट, मार्चपर्यंत फळ्यांमध्ये रेघा उघडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर मधला काळ. मेमध्येच करायचं असेल तर निदान फटीत कंजुषी नको.

बसवणं त्यामानाने सोपं. खोलीची रुंदी मोजून शेवटची ओळ किती उरते ते आधीच काढा. 5-6 सेंटीमीटरपेक्षा बारीक उरत असेल तर पहिली ओळच चिरून घ्या. शेजारच्या ओळींचे सांधे निदान 30 सेंटीमीटर मागेपुढे हवेत. हातोडी ठोकळ्यावर मारायची, फळीच्या कडेवर कधीच नाही.

लादी पुसायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा: बादली खोलीबाहेर, फडकं घट्ट पिळून, फिनाइल नाही. आणि माल दहा टक्के जास्त घ्या, उरलेल्या फळ्या माळ्यावर टाका. दोन वर्षांनी एखादी बदलायची वेळ आली तर तोच रंग दुकानात मिळेलच असं नाही.