एसआर-२२ ची अट संपल्यावर कॅलिफोर्नियात गाडीचा विमा स्वस्त कसा मिळवावा?

तुम्ही लिहिले आहे की मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल तीन वर्षांपूर्वी शिक्षा झाली, तेव्हापासून तुमच्या विमा कंपनीला डीएमव्हीकडे (राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे) एसआर-२२ दाखल ठेवावे लागते, आणि पुढच्या महिन्यात ही अट संपली की हप्ता कमी होईल अशी तुम्हाला आशा आहे. मी कॅलिफोर्नियातच विमा ब्रोकर म्हणून काम करतो. अट संपली म्हणून हप्ता आपोआप उतरत नाही. तो प्रयत्नपूर्वक उतरवावा लागतो, आणि त्यासाठी हीच योग्य वेळ आहे.

एसआर-२२ हा वेगळा विमा नाही. तुमच्याकडे कायद्याने आवश्यक तेवढा विमा आहे, अशी कंपनीने डीएमव्हीला दिलेली ती हमी आहे आणि तिचे शुल्क किरकोळ असते. हप्ता वाढतो तो मूळ गुन्ह्यामुळे, आणि तो गुन्हा या राज्यात तुमच्या नोंदीवर दहा वर्षे राहतो. १९८८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १०३ या कायद्यानुसार चांगल्या चालकाला किमान २० टक्के सवलत द्यावीच लागते, परंतु ही दहा वर्षे पूर्ण होईपर्यंत ती तुम्हाला मिळणार नाही.

मग बचत होते कुठे? मुख्यतः कंपनी बदलण्यात. एसआर-२२ चालू असताना अनेक मोठ्या कंपन्या ग्राहक घेत नाहीत, त्यामुळे माणूस जोखमीच्या चालकांसाठीच्या महागड्या कंपनीकडे जातो आणि पुढे सवयीने तिथेच राहतो. तीन वर्षे एकही नवी चूक नसेल, तर पूर्वी नकार देणाऱ्या काही कंपन्या आता तुमचा अर्ज विचारात घेतील. एकाच चालकासाठी दोन कंपन्यांच्या दरांत आश्चर्य वाटावे इतका फरक असतो, म्हणून थेट विकणाऱ्या कंपन्या आणि अनेक कंपन्यांचे काम करणारा स्वतंत्र ब्रोकर या दोन्हींकडून दर मागवा. ब्रोकर स्वतःचे वेगळे शुल्क घेणार असेल तर तो आकडा आधी लेखी मागा.

मात्र त्याआधी डीएमव्हीकडून तुमची चालक-नोंद काढून घ्या आणि अट नेमकी कोणत्या तारखेला संपते याची खात्री करा. कंपनीच्या किंवा माझ्यासारख्या ब्रोकरच्या अंदाजावर विसंबू नका. एक दिवस जरी आधी पॉलिसी बंद झाली, तरी कंपनी डीएमव्हीला तसे कळवते आणि परवाना पुन्हा निलंबित होऊ शकतो. तारीख उलटल्यावर एसआर-२२ काढून टाकण्याची विनंती कंपनीला लेखी करा, आणि नवी पॉलिसी सुरू झाल्याशिवाय जुनी रद्द करू नका.

दर मागताना वर्षाला प्रत्यक्ष किती मैल गाडी चालवता ते खरे सांगा. या राज्यात चालक-नोंदीखालोखाल मैलांनाच महत्त्व आहे, आणि आठवड्यातले काही दिवस घरून काम करणाऱ्या कित्येकांच्या पॉलिसीवर अजूनही रोज ऑफिसला जात असतानाचे जुने मैल लिहिलेले असतात. क्रेडिट स्कोअरची मात्र चिंता नको, कारण कॅलिफोर्नियात गाडीच्या विम्याचा दर ठरवताना तो वापरताच येत नाही.

आपल्या लोकांत एक सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया ऐकू नका: गाडी पत्नीच्या नावावर करायची आणि स्वतःचे नाव पॉलिसीत घालायचेच नाही. घरातले परवानाधारक कंपनीला सांगावेच लागतात, आणि माहिती लपवल्याचे अपघातानंतर उघड झाले तर कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसीही मुळापासून रद्द करू शकते.

स्वस्ताईसाठी संरक्षण कापतानाही जपा. १ जानेवारी २०२५ पासून, तुमच्यामुळे इतरांना होणाऱ्या नुकसानीसाठी कायद्याने आवश्यक विम्याची किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर अशी झाली आहे. पण समोरची गाडी नवी असेल तर १५,००० डॉलर सहज अपुरे पडतात आणि उरलेली रक्कम तुमच्या बचतीतून जाते. त्यापेक्षा डिडक्टिबल (तुमच्या गाडीच्या नुकसानीपैकी आधी स्वतः भरायची रक्कम) वाढवा, किंवा गाडी जुनी आणि कमी किमतीची असेल तर तिच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण काढा. सगळ्या कंपन्यांचे दर एकाच मर्यादेवर आणि एकाच डिडक्टिबलवर मागवा, नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी केवळ तोकडी असल्यामुळे स्वस्त असेल.